मधला पंखा

मी खोटं बोलतो, पण काम खोटं करत नाही. आयुष्यभर एवढा एकच नियम पाळला. तो ज्या आठवड्यात मोडला, त्या आठवड्याची ही हकिगत आहे.

चाळीस वर्षं मी एका कोल्ड स्टोरेजमध्ये मेकॅनिक होतो. सहा कॉम्प्रेसर, दिवसभर त्यांची घरघर, आणि त्यातला एखादा जरा वेगळ्या सुरात घरघरला की हातातला घास टाकून उठायचं. निवृत्त झालो तेव्हा मी जाहीर केलं, की यापुढे मला शांततेखेरीज काही नको. मुलाने आणि सुनेने हे घर घेतलं तेव्हा सगळ्यात मागची खोली मी भांडून मिळवली. मुलगा सांगत होता की बाबा, पुढची घ्या, रस्ता दिसतो, जाणारी-येणारी माणसं दिसतात. मी म्हटलं, माणसं पुष्कळ बघून झाली.

घराची रचना सांगतो, कारण सगळं रामायण त्या रचनेवरून घडलं. पुढच्या खोलीत सूनबाई काम करते. तिला लागून मधली खोली, तिथे आमचे चिरंजीव. मग एक दार, एक लांबुळका पॅसेज, आणखी एक दार आणि मग मी. चिरंजीव पुस्तकं मोठ्याने वाचतात, तोच त्यांचा धंदा. माईकसमोर बसून अख्खी कादंबरी वाचायची, आणि मग लोक ती भांडी घासता घासता ऐकतात. त्यामुळे सकाळी दहा ते दुपारी चार घरात मिक्सर बंद, टीव्ही बंद, दारावरची बेल बंद, नळ बारीक सोडायचा आणि पायात मोजे घालून चालायचं. शिंक आलीच तर उशीत तोंड घालून शिंकायचं.

म्हणजे हवी ती शांतता मला मिळाली. पहिला महिना मजेत गेला. दुसऱ्या महिन्यात मी भिंतीवरच्या पालीशी बोलायला लागलो, आणि तिसऱ्यात पाल खोली सोडून गेली. माझी बायको चार वर्षांपूर्वी गेली. ती असती तर शांतता हा शब्द माझ्या तोंडातून निघूच शकला नसता. आता दहा ते चार मी खुर्चीत बसून स्वतःच्या पोटातली गुडगुड ऐकायचो, आणि तीही थांबली की घाबरायचो. पण सांगणार कोणाला? खोली भांडून घेतलेली. तोंडावर पडायची माझी तयारी नव्हती.

अशी दोन वर्षं काढली, आणि एक दिवस सूनबाईच्या कॉम्प्युटरने गळा काढला.

सूनबाई अजून न बांधलेली घरं दाखवते. बिल्डर नकाशा पाठवतो आणि ती कॉम्प्युटरवर भिंती, खिडक्या, सोफे, फुलदाण्या असं सगळं उभं करून त्या घरातून फेरफटका मारल्यासारखी फिल्म बनवते. ती तयार व्हायला मशीनला तासन्‌तास लागतात. म्हणून तिने प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला सुरुवात केली. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मला ते चटकन समजलं, कारण आमचा मॅनेजर आम्हालाही असाच पळवायचा. पळवलं की माणूस तापतो आणि प्रोसेसरही तापतो. त्याच्या डोक्यावरची उष्णता काढून घ्यायला जो मूळचा बारका हीटसिंक आणि पंखा होता, तो बिचारा जीव तोडून किंचाळायचा, आणि तरी आकडा पंच्याण्णव डिग्रीला जाऊन टेकायचा. पंच्याण्णवला प्रोसेसर आपण होऊन हळू चालायला लागतो. म्हणजे तापही झाला, बोंबही झाली, आणि वेग होता तिथेच राहिला.

ती बोंब भिंतीतून चिरंजीवांच्या माईकमध्ये शिरली. एका प्रेमप्रसंगाची सलग आठ पानं परत आली. ऐकून तपासणाऱ्या बाईंनी कळवलं, की नायिका हो म्हणते तेव्हा मागे कोणीतरी केस वाळवतंय.

त्या दिवशी जेवताना निर्णय झाला. मोठा, शांत हीटसिंक आणायचा. तो शांत चालला तर मशीन पुढच्या खोलीतच राहील. नाही चालला, तर शेवटचा उपाय म्हणून मशीन आणि सूनबाई दोघांचा मुक्काम मागच्या खोलीत, माझ्याकडे. दोन दारांपलीकडून आवाज माईकपर्यंत पोचायचा नाही. पण हा अगदीच शेवटचा उपाय, असं चिरंजीवांनी माझ्याकडे बघत दोनदा सांगितलं. बाबांच्या शांततेला धक्का लागता कामा नये.

मी गंभीरपणे मान हलवली. आत मात्र उकळ्या फुटत होत्या.

मला काय हवं होतं ते सरळच सांगतो. ते किंचाळणारं मशीन मला माझ्या खोलीत हवं होतं. ते मी मागणार नव्हतो. ते माझ्यावर लादलं जायला हवं होतं आणि मी ते मोठ्या मनाने सोसायला हवं होतं. त्यासाठी एकच गोष्ट घडणं आवश्यक होतं, नवा हीटसिंक कुचकामी निघणं. आणि तो निवडायला सूनबाई कोणाला बरोबर नेणार होती? मलाच. उष्णता हा माझा प्रांत.

शुक्रवारी आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराला सगळी गिऱ्हाइकं पंचनामा म्हणतात. एक साधी वायर मागितली तरी ती कशाला हवी, कुठून कुठे जाणार आणि आधीच्या वायरचं काय झालं, इतकी चौकशी झाल्याशिवाय तो कपाट उघडत नाही. दुकान अरुंद, खोकी छताला लागलेली, आणि त्याच्या हातात कायम एक रंगाचा ब्रश, ज्याने तो बोलता बोलता मांडलेल्या मालावरची धूळ झटकत असतो. त्याने सूनबाईची जबानी घेतली: प्रोसेसर कोणता, किती पळवलाय, व्होल्टेज किती चढवलं, मशीनच्या डब्याची रुंदी किती. ती वहीत लिहून आणलेले आकडे फडाफडा देत गेली. मला तिचा अभिमान वाटला आणि थोडी धास्तीही. इतक्या तयारीच्या बाईला शेंडी लावणं सोपं नसतं.

पंचनाम्याने तीन वस्तू काउंटरवर मांडल्या. पहिली पाण्यावर चालणारी, पंप आणि रबरी नळ्यांची. ती मी तिथल्या तिथे मोडीत काढली. पाणी आलं की गळती आली आणि पंप आला की पंपाची दुखणी आली, हे माझं प्रामाणिक मत आहे, त्यात लबाडी नव्हती.

दुसरी वस्तू म्हणजे माझं स्वप्न. बुटका हीटसिंक, त्याच्यावर मुठीएवढा पंखा, मिनिटाला तीन हजारांवर फेरे. पंचनाम्याने तो जोडून चालवून दाखवला. काय तो कर्कशपणा! आमचा चार नंबरचा कॉम्प्रेसर बेअरिंग जायच्या आधी असाच ओरडायचा. माझे डोळे आपोआप मिटले.

तिसरी वस्तू मोठी होती. पातळ पात्यांचे दोन मनोरे, त्यांच्यातून वर गेलेल्या तांब्याच्या सात नळ्या, आणि दोन रुंद पंखे, एक समोर आणि एक दोन मनोऱ्यांच्या मधोमध. हे पंखे इतके सावकाश फिरत होते की चालू आहेत हे पाती बघूनच कळत होतं.

बुटक्याची वकिली मी घरून पाठ करून आलो होतो. वजनाला हलका, मदरबोर्डवर ताण नाही, साफ करायला सोपा, असे पाच मुद्दे होते. ते बोलून मोकळं व्हायचं सोडून मी एक घोडचूक केली. मी तो दुमनोरी हीटसिंक हातात घेतला.

आणि मग माझं मलाच आवरलं नाही. प्रोसेसरला टेकणारं बूड मी नखाने चाचपलं. खिशातली स्टीलची पट्टी त्यावर उभी धरली आणि उजेडाकडे करून बघितलं. पट्टी आणि बूड यांच्यामध्ये उजेडाची तिरीपही दिसेना. पाती हलवून बघितली, एकही हलली नाही. आणि त्या नळ्या! त्यांच्यात थेंबभर पाणी असतं. ते गरम टोकाला उकळतं, वाफ होऊन थंड टोकाला जातं, तिथे परत पाणी होऊन खाली येतं. जे करायला आम्हाला सहा कॉम्प्रेसर, दोन शिफ्ट आणि एक शिव्या देणारा मॅनेजर लागायचा, ते ही वस्तू एका तळहातावर बसून मुकाट्याने करत होती. मी ती उलटीपालटी करून बघत किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक.

सूनबाईने विचारलं, "बाबा, तुमच्या प्लँटला यातला कोणता लावला असता?"

जिभेवर आलेले पाचही मुद्दे मी गिळले. विचारायची ही पद्धत नव्हे. नुसतं कोणता घेऊ असं विचारलं असतं तर मी बिनदिक्कत खोटं बोललो असतो. प्लँटचं नाव काढल्यावर इलाज नव्हता. मी मनोऱ्यांकडे बोट दाखवलं. पंचनाम्याने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला की अकरा वर्षांत बुडाला पट्टी लावणारं हे पहिलं गिऱ्हाईक. सात दिवसांत पसंत पडला नाही तर परत आणा, पण तुम्ही आणणार नाही.

परतीच्या बसमध्ये तो खोका मांडीवर घेऊन मी स्वतःला शिव्या घालत होतो. एका प्रश्नाने माझा सगळा बेत धुळीला मिळवला होता. हा हीटसिंक शांत चालणार, मशीन पुढच्या खोलीत राहणार, आणि मी दहा ते चार त्या खुर्चीत. शेवटच्या दोन स्टॉपांच्या दरम्यान माझ्या लक्षात आलं, की निवड झाली असली तरी तो अजून बसवायचा आहे. आणि बसवणार मीच होतो.

शनिवारी सकाळी सूनबाईने डबा उघडून दिला आणि तेवढ्यात तिला बिल्डरचा फोन आला. त्याला बाथरूमच्या फरश्या बदलून हव्या होत्या. हा माणूस फरशांवर अर्धा तास बोलतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. ती फोन घेऊन बाल्कनीत गेली आणि मी मशीनसमोर एकटा उरलो.

प्रोसेसरची उष्णता हीटसिंकमध्ये पोचवायला मध्ये एक पेस्ट असते, ती जुनी वाळलेली पेस्ट मी स्पिरिटने पुसली. नवी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी, बरोबर मध्यभागी. हीटसिंक टेकवला आणि स्क्रू समोरासमोरचे आलटून पालटून, अर्धा-अर्धा फेरा देत आवळले, म्हणजे दाब सगळीकडून सारखा पडतो. समोरचा पंखा लावला. मग मधला हातात घेतला. पंख्याच्या कडेवर एक बाण असतो, हवा कुठे जाणार ते दाखवणारा. मी बाणाकडे बघितलं, बाल्कनीच्या दाराकडे बघितलं, आणि मधला पंखा उलटा लावला.

याचा परिणाम काय होतो ते सांगतो. समोरचा पंखा हवा आत ढकलतो, मधला तीच हवा त्याच्या तोंडावर परत फेकतो. दोघे आमनेसामने उभे राहून नुसते भांडत बसतात, उष्णता बाहेर काढायला कोणीच उरत नाही. प्रोसेसर तापतो, मग दोघे आणखी जोरात फिरतात, आणखी जोरात भांडतात. चाळीस वर्षांत मी जाणूनबुजून केलेलं हे पहिलं वाईट काम. त्याचं पापक्षालन म्हणून मी सगळ्या वायरी एका रेषेत ओढून पट्ट्यांनी बांधल्या, वर झाकण लावलं आणि साळसूदपणे हात पुसले.

चाचणी झाली. सूनबाईने मशीनला पूर्ण कामाला लावलं, चिरंजीव कानाला हेडफोन लावून मधल्या खोलीत बसले. दहा मिनिटांत आकडा ब्याण्णववर गेला आणि दोन्ही पंखे पिसाळले. चिरंजीव बाहेर येऊन म्हणाले, की आता केस वाळवत नाहीयेत, आता दळण दळतायत. सूनबाई खोक्यावर छापलेले आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती. मी मनात वीसपर्यंत मोजलं, एक सुस्कारा सोडला, आणि म्हणालो की ठीक आहे, आणा माझ्या खोलीत, करीन सहन. सूनबाईने तेव्हाच विचारलं, की सोमवारी परत देऊन टाकू का? मी घाईघाईने सांगितलं, की नव्या पेस्टला बसायला चार-पाच दिवस लागतात. यात चिमूटभर सत्य आहे, त्यामुळे बोलताना अडखळलो नाही.

मग सोमवारपासून जे चार दिवस आले, ते मी कोणाला देणार नाही.

दहाच्या ठोक्याला सूनबाई येऊन मशीन सुरू करायची आणि खोली भरून जायची. पंख्यांच्या आवाजात आम्हाला एकमेकांशी ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोलायला लागलं की माणूस फार काळ शिष्ट राहू शकत नाही. पहिल्याच दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात चूक काढली. तिने फ्रिज शेगडीला खेटून ठेवला होता. मी म्हटलं, या घरात राहणाऱ्या बाईचा फ्रिज उन्हाळ्यात रडेल. तिने फ्रिज हलवला, मग ओटा हलवावा लागला, मग खिडकी, आणि दुपारपर्यंत आम्ही बिल्डरची अख्खी भिंत पाडून दुसरीकडे उभी केली. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारून फुलदाणी निवडली. मला फुलदाण्यांतलं काही कळत नाही, पण मी वाद घातला. तिने सांगितलं की पुढच्या खोलीत ती दिवसाकाठी सतरा शब्द बोलते आणि त्यातले दहा बिल्डरशी असतात. मला हे माहीत नव्हतं. दोन वर्षं एका घरात राहून मला वाटत होतं, की गप्प बसायची शिक्षा फक्त मलाच आहे.

मंगळवारी तिने पडद्याच्या कोपऱ्यात, जिथे तापमानाचा आकडा दिसतो, तिथे एक पिवळी चिठ्ठी चिकटवली. तो आकडा बघून छातीत धडधडतं म्हणाली. मला बरंच वाटलं. माझ्याही छातीत धडधडत होतं, फक्त वेगळ्या कारणाने.

गुरुवारी दुपारी तिने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की उद्या सातवा दिवस. हा हीटसिंक ती परत देणार. नुसता परत देणार नाही, तर दुकान भरलेलं असताना पंचनाम्याला सगळ्यांदेखत विचारणार, की असला भंगार माल विकताना काही वाटत नाही का.

मी म्हटलं, भंगार कशावरून?

"बूड वाकडं असणार," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बूड वाकडं! त्या बुडावर पट्टी धरली तर खालून उजेडसुद्धा जात नव्हता! पण हे बोलायचं कुठल्या तोंडाने? मी पेस्टचं तुणतुणं पुन्हा वाजवून बघितलं. ती म्हणाली की पेस्टचे दिवस संपले. शिवाय ती इंटरनेटवर सविस्तर लिहिणार होती, म्हणजे बाकीचे लोक फसणार नाहीत. मजकूरही तयार होता, तिने वाचून दाखवला. कोल्ड स्टोरेजमध्ये चाळीस वर्षं काढलेल्या मेकॅनिकने स्वतः बसवूनही हा हीटसिंक चालला नाही, असं पहिलंच वाक्य होतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी तिच्याशी खोटं बोललो, मुलाशी बोललो, त्याचं मला फारसं काही वाटलं नव्हतं. पण एवढ्या निगुतीने घडवलेल्या वस्तूवर माझ्यामुळे भंगार असा शिक्का बसणार होता. तो पंचनामा, ज्याने माझ्यासाठी हातातला ब्रश खाली ठेवला, तो चारचौघांत खजील होणार होता. आणि माझं नाव त्या पापावर सही म्हणून जाणार होतं. पंखा सरळ केला की हे सगळं थांबणार होतं. पंखा सरळ केला की मशीन शांत होणार होतं, आणि शांत मशीन परत पुढच्या खोलीत जाणार होतं. तिच्यासकट. हा हिशेब मी जितक्या वेळा मांडला तितक्या वेळा उत्तर तेच आलं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला सूनबाई मशीन बंद करून म्हणाली की खाली जाऊन दूध घेऊन येते, मग दुकानात जाऊ. दार लागल्याचा आवाज आला. मी स्क्रू ड्रायव्हर घेतला, झाकण काढलं, टॉर्च लावला आणि मधल्या पंख्याला हात घातला.

पंखा सरळ होता.

मी बाण बघितला. चष्मा पुसून परत बघितला. दोन्ही बाण एकाच दिशेला होते. मला वाटलं, म्हातारपण आलं, आपण उलटा लावला असं नुसतं मनात आणलं आणि हाताने सवयीने सरळच लावला. मग आवाज कसला? एवढ्यात टॉर्चच्या उजेडात वायरी दिसल्या. मी त्या काळ्या पट्ट्यांनी बांधल्या होत्या. आता तिथे हिरव्या पट्ट्या होत्या.

"सोमवारीच सरळ केला," मागून सूनबाई म्हणाली. तिच्या हातात दूध नव्हतं, पायात मोजे होते.

मी स्क्रू ड्रायव्हर लपवायचा प्रयत्न केला. या वयात ते शोभत नाही. ती येऊन शेजारी बसली आणि शांतपणे सगळं सांगत गेली. सोमवारी मी संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा तिने डबा उघडला होता. स्क्रू सगळे सारखे आवळलेले, पेस्ट बेताची, वायरी ओळीत, आणि पंखा उलटा. एवढं चांगलं काम करून नेमकं तेवढंच चुकणारा माणूस जगात नाही, हे तिला बघताक्षणी कळलं. आधी ती चिडली. माझा पंचनामा करायचा असं ठरवूनच ती आली होती. पण मंगळवारी सकाळी येऊन बघते तर तिच्या खुर्चीला मी माझी उशी लावून ठेवली होती आणि पाण्याचा दुसरा तांब्या भरून ठेवला होता. मग तिने पंख्यांचा वेग सेटिंगमध्ये जाऊन हाताने पूर्ण वर नेला, चिठ्ठीने आकडा झाकला, आणि मी कधी कबूल करतो याची वाट बघत बसली. परवा, काल, सगळे दिवस ती हे करत होती. तो इंटरनेटवरचा मजकूर तर तिने माझ्यासाठीच लिहिला होता.

तिने मशीन सुरू केलं. पंखे नेहमीसारखे गर्जायला लागले. चिठ्ठी काढली, तर खाली आकडा चौसष्ट. इतका सुंदर आकडा मी बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता.

"आता पंखे खाली आणते," ती ओरडून म्हणाली. "मशीन शांत झालं की पुढच्या खोलीत नेऊ ना, बाबा? तुम्हाला शांतता लागते."

राहू दे, असं मी पुटपुटलो.

तिने कानाला हात लावला. पंख्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणाली.

राहू दे इथे, मी जरा मोठ्याने म्हटलं. तिने ऐकू येत नाही अशी मान हलवली. तिला व्यवस्थित ऐकू येत होतं. चार दिवस तिला माझं फुलदाणीवरचं मतसुद्धा ऐकू येत होतं. तिचा दुसरा हात माउसवर होता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मला राग आला होता, स्वतःचा आला होता आणि थोडा तिचाही. चाळीस वर्षं कॉम्प्रेसरच्या वरताण ओरडलेला माझा गळा मी मोकळा सोडला.

"आवाज गेला चुलीत! तू इथे बस. मला एकट्याला करमत नाही!"

गेला चुलीत म्हणेपर्यंत पंखे चालू होते. पुढचं सगळं मी निःशब्द खोलीत बोललो.

खोली इतकी शांत होती की माझं शेवटचं वाक्य पॅसेजमध्ये जाताना मला ऐकू आलं. सूनबाई हसत नव्हती. ती म्हणाली, "मलाही नाही करमत," आणि घाईघाईने पडद्याकडे वळून फुलदाणी उगाचच इकडून तिकडे सरकवायला लागली.

मग एक दार उघडलं, नंतर दुसरं, आणि गळ्यात हेडफोन अडकवलेले चिरंजीव उंबऱ्यात उभे राहिले. कादंबरी खुनाची चालू होती. इन्स्पेक्टरने नुकतंच खुन्याला विचारलं होतं, की का मारलंस त्याला, आणि चिरंजीव लेखकाने सांगितल्याप्रमाणे चार सेकंद थांबले होते. त्या चार सेकंदांत मागून माझं उत्तर आलं होतं.

"अगदी स्पष्ट आलंय," तो म्हणाला. तो नेहमीचा चेष्टेचा सूर नव्हता. "पुसून टाकू का, बाबा?"

मी म्हटलं, टाक पुसून. सूनबाईने न वळता सांगितलं, की पुस्तकातून पुस, पण मला वेगळं काढून दे. हे परत शांतता मागायला लागले की ऐकवायला होईल.

मशीन माझ्याच खोलीत राहिलं. ते इतकं शांत चालतं की चालू आहे की नाही हे बघायला मला वाकून पाती बघावी लागतात. दोन आठवडे झाले, त्या आवाजाची मला एकदाही आठवण आलेली नाही.